रिकाम्या हाताची फेरी

माझ्या नातीनं नांदणी गावातल्या एका लग्नात एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या हातावर आमटी ओतली.

त्यानं पानावर हात आडवा धरला होता. पंगतीत पानावर हात आला, की पोट भरलं, आता नको, एवढाच त्याचा अर्थ. हे शेंबड्या पोराला कळतं. आमच्या बीएस्सी झालेल्या त्रिशलाला कळलं नाही. नजर वर मांडवाच्या कापडाला लागलेली, ओठ पुटपुटत होते, आणि हातातलं ओगराळं बादलीतनं पानात, बादलीतनं पानात, रहाट फिरावा तसं चाललं होतं. म्हातारा बिचारा देवमाणूस. ओरडला नाही. हात तसाच धरून माझ्याकडं बघत राहिला, आणि मनगटावरनं आमटी त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीत उतरली.

चाळीस वर्षं मी पंगती वाढल्या. जयसिंगपूरपासनं कुरुंदवाडपर्यंत 'अक्काताई मगदुमांची माणसं वाढायला आहेत' असं कळलं की मुलीचा बाप निम्मा निवांत व्हायचा. मालक होते तोवर चूल त्यांची आणि पंगत माझी. ते गेले, मग दोन्ही माझंच. मुलानं टेम्पो आणि भांडी सांभाळली, सुनेनं बाजार सांभाळला, आणि दोघांनी मिळून माझा स्वभाव सांभाळला. माझ्या शब्दावर घरात दुसरा शब्द नव्हता. अशी मी, आणि त्या दिवशी एका परक्या माणसाची बाही ओल्या पंच्यानं पुसत बसले होते.

परत येताना टेम्पोत मी तिला विचारलं, वर काय बघत होतीस?

"एक पूल कसा पडतो ते डोक्यात चाललं होतं, आज्जी."

"कुठला पूल?"

"खरा नाही. खेळातला."

तर हा खेळ. ह्याला आता आठ वर्षं झाली, पण त्याचं इंग्रजी नाव माझ्या जिभेवर तेव्हाही बसलं नाही आणि अजून बसत नाही. त्यात पत्ते नाहीत, पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं मनात एक मुलूख रचायचा. डोंगर, गावं, राक्षस, सगळं. बाकीच्यांनी त्या मुलखात फिरणारी माणसं व्हायचं. मुलूखवाल्यानं सांगायचं समोर काय आहे, माणसांनी सांगायचं आपण काय करतो, आणि जिथं जमेल का नाही अशी शंका असेल तिथं फासा टाकायचा. मुलूखवाल्याला ते मास्टर म्हणतात. मी तिसरीत शाळा सोडली, मला मास्तर म्हटलं की छडी आठवते. आमची त्रिशला पहिल्यांदाच मास्टर झाली होती, आणि तिच्या हातात छडीऐवजी वही होती. जाड, दोनशे पानी, पाठपोट लिहिलेली. वर्षभर ती हीच वही लिहीत होती.

खेळ बसायचा रविवारी दुपारी, आमच्या भांड्यांच्या खोलीत. लग्न नसलं की ती खोली गार असते. भिंतीला लागून कमरेएवढ्या तांब्याच्या डेगी, वर फळीवर परातींची चळत, आणि खिळ्यांना ओळीनं टांगलेली ओगराळी. मधे चटई टाकून ही मंडळी बसायची आणि फासे टाकायला माझी मोठी पितळी परात घ्यायची. का, तर फासा तिच्यात छान वाजतो म्हणे. त्या परातीत मी आख्ख्या वऱ्हाडाची कणीक मळलेली आहे.

नांदणीनंतरच्या रविवारी मी मुद्दाम तिथंच ओगराळी घासायला बसले, डेगींच्या आड. माझ्या पंगतीला बाधलेलं हे खूळ मला बघायचं होतं.

तिघं आली होती. अभिनंदन चौगुले, गावातल्या कापड दुकानदाराचा. आवाज मोठा आणि बसायला जागा दोघांची लागायची. सुफियान, इचलकरंजीचा, घरी यंत्रमाग. त्या खडखडाटात वाढल्यामुळं की काय, जरा शांत झालं की त्याला विनोद केल्याशिवाय राहवायचं नाही. आणि कादंबरी, त्रिशलाची शाळेपासूनची मैत्रीण, तोंड उघडण्याआधी दोनदा इकडंतिकडं बघणारी. चौथा एक होता, तो मागच्या रविवारपासनं यायचा बंद झाला होता.

त्रिशलानं वही उघडली आणि वाचायला लागली. माझं एक ओगराळं घासून झालं, ती वाचत होती. दुसरं घासून झालं, ती वाचत होती. राजाचा आजा कोण, त्याची लढाई कुणाशी, डोंगराचं नाव कशावरनं पडलं. अभिनंदननं भिंतीला पाठ टेकली. सुफियान फाशांचा मनोरा रचत होता. एकदा कादंबरीनं हळूच विचारलं, ती विहिरीवरची म्हातारी म्हणालीस, तिच्याशी मी बोलू का? त्रिशलानं पानं पुढंमागं चाळली.

"ती बोलते असं वहीत नाहीये."

थोड्या वेळानं अभिनंदन म्हणाला, मी पुलावरनं नाही जात, खाली नदीत उतरतो. तेही वहीत नव्हतं. पूल पडणार असं लिहून ठेवलेलं, त्यामुळं सगळ्यांनी पुलावरनंच जायला हवं होतं. मग आम्ही घरी जातो, सुफियान म्हणाला, आमचं पुढं काय झालं ते फोनवर कळव.

हसले सगळे. हसून झाल्यावर अभिनंदननं ते बोलून टाकलं, जे तिघं बहुतेक येतानाच ठरवून आले होते. मुलगा वाईट नव्हता, शब्द मऊ शोधत होता. आजच्यापुरतं बसू, पुढच्या रविवारपासनं मी मास्टर होतो, माझा मुलूख तयार आहे. त्रिशलानं नुसतं खेळायला यावं, मजेत. वही तिनं जपून ठेवावी.

त्रिशला म्हणाली, "बरं."

ही पोर लहानपणापासनं असंच "बरं" म्हणत आली. हिला अमुक एक जमतं असं घरात कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि म्हणायचं असतं तर ते मी म्हणायचं होतं. जन्मात पहिल्यांदा तिनं स्वतःचं काही उभं केलं होतं, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत चटईवर निजत होतं.

मी डेगीआडनं हाक मारली, ताक न्यायला ये गं.

स्वयंपाकघरात ती वही छातीशी धरून ओट्याला टेकून उभी राहिली. डोळे भरले होते, पण पाणी खाली पडू देत नव्हती. ते तिला माझ्याकडनं आलंय. मी रवी फिरवता फिरवता विचारलं,

"किती पानं बसलीत तुझ्याकडं?"

"काय?"

"माणसं किती आहेत?"

"तीन."

"त्या अभिनंदनच्या पानात काय संपलंय?"

तिनं मान वळवून भांड्यांच्या खोलीकडं बघितलं.

"कादंबरीला काय हवंय, जे ती मागत नाही? आणि तो सुफियान हसवतोय ते पोट भरलंय म्हणून, का उपाशी आहे म्हणून?"

"मला नाही माहीत, आज्जी."

"कसं असेल? तू पानाकडं न बघता वाढतेस. बादली भरलीय म्हणून ओततेस. नांदणीत तेच केलंस, इथंही तेच. वर्षभर रांधलंस, चांगलंच रांधलं असशील. पण सगळं एकदम एकाच्याच पानात ओतलं, तर तो जेवेल का बुडेल?"

मग मी तिला विचारलं, पहिलं वाढप झाल्यावर मी काय करते? ते तिला माहीत होतं. आमच्या कामातल्या सगळ्यांनाच माहीत आहे. पहिलं वाढप झालं, की दुसरी बादली निघायच्या आधी मी पंगतीच्या एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायची. हातात काही नाही. बादली नाही, ओगराळं नाही. हातात भांडं असलं की माणूस तुमच्या भांड्याकडं बघतो. रिकामा असला की तुमच्याकडं बघतो. कुणाचा भात संपलाय, कोण लाजतोय, मुलीच्या आईनं घास का चिवडलाय, ते सगळं त्या एका फेरीत कळतं. मग मी मागं वळून सांगायची, तिसऱ्या पानाला वरण, कोपऱ्यातल्या आजोबांना मऊ भात, त्या बाईंना काही नको, नुसतं पाणी. ही रिकाम्या हाताची फेरी माझ्याशिवाय कुणी घेतली नव्हती. मुलानं नाही, सुनेनं नाही. कुणी मागितली नव्हती, आणि मागितली असती तर मी दिली नसती.

"वही इथं ठेव," मी म्हटलं. "एकेकाकडं बघ. विचार, आणि उत्तर येईस्तोवर तोंड मिटून राहा."

"आणि वहीत नसलेलं काही मागितलं तर?"

"तर तिथल्या तिथं रांधायचं. दोनशे सांगून तीनशे माणसं आली, तर मी काय यादी दाखवून त्यांना परत धाडते?"

त्यावर तिला राग आला. चांगला राग होता, मी तिच्या तोंडावर तो पहिल्यांदाच बघितला.

"एवढं सोपं असेल तर तूच ये की खेळायला. चौथी जागा रिकामीच आहे."

माझ्याशी असं कुणी बोलत नाही. मी पदर खोचला आणि ताकाचं भांडं उचललं. मागं वळून बघितलं, तर ती वही पोळपाटाखाली सारत होती.

मला चटईवर बसवून त्यांनी एक कागद भरायला घेतला. नाव? अक्काताई. खेळात वेगळं घेतात, आज्जी, सुफियान म्हणाला. म्हटलं, मला जन्मभर एक पुरलंय. काय येतं? रांधायला आणि वाढायला. हत्यार? मी खिळ्यावरचं माझं ओगराळं दाखवलं. सुफियान हसायला लागला, मी त्याच्याकडं बघितलं, तो थांबला. मग त्रिशलानं विचारलं, भीती कशाची वाटते? प्रत्येकाला एक लिहावी लागते म्हणे.

"कशाची नाही."

तिनं ती ओळ रिकामी ठेवली.

मग तिनं मांडीवरचे दोन्ही हात उताणे ठेवले आणि एकेकाकडं बघितलं. माझी फेरी. बसल्या जागी घेतली, पण माझीच. अभिनंदनकडं, सुफियानकडं, आणि मग कादंबरीकडं. कादंबरीला ती म्हणाली,

"ती म्हातारी अजून विहिरीवरच आहे. तुझ्याकडं बघतेय."

एवढं बोलून गप्प. कादंबरीनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सुफियाननं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मी त्याच्या हातात ताक दिलं. मग कादंबरी म्हणाली, तुमच्या धुराड्यातनं धूर का येत नाही?

आणि माझी नात म्हातारी झाली. तिनं केलं काही नाही, खांदे थोडे पाडले, मान जराशी हलली. पण एकवीस वर्षांची पोर चटईवरनं उठून गेली आणि तिच्या जागी दुसरंच कुणी येऊन बसलं.

"चुली विझल्या, पोरी. आख्ख्या गावच्या. काडी ओढली तरी पेटत नाही."

"मग खाता काय?" हे मी विचारलं. मी विचारणार आहे हे मलाही माहीत नव्हतं.

"भिजवून खातो. ऊन असलं की पोरं तापल्या दगडावर पीठ थापतात. ऊन नसलं की नाही."

मी चुलीपुढं आयुष्य काढलं, पण विझलेली चूल कशी वाटते हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

म्हातारीनं सांगितलं, शेवटचा निखारा वरच्या खिंडीतल्या राखणदाराकडं आहे. कुणी चोरू नये म्हणून त्यानं तो छातीत ठेवून घेतला, आणि मग इतकी वर्षं राखला, की कुणासाठी राखतोय तेच विसरला.

आम्ही निघालो. आम्ही असं मी म्हणतेय, कारण त्या घटकेपासनं माझे गुडघे दुखत नव्हते. नदी आली तेव्हा अभिनंदन पुन्हा म्हणाला, मी खाली उतरतो. तो तिची परीक्षा बघत होता. त्रिशला म्हणाली, उतर. पाणी छातीपर्यंत आहे, पायाखालची वाळू सरकतेय. काय करतोस? अभिनंदनची पाठ भिंतीपासनं सुटली आणि तो पुढं सरकून बसला. पलीकडं गेल्यावर ती सुफियानकडं वळली. तू नेहमी सगळ्यांच्या मागं चालतोस, मागनं तुला काय दिसतं? मला वाटलं आता विनोद येणार. सुफियान म्हणाला, "पावलं दिसतात. माझी धरून चार जणांची." मग थांबला. "आणि एक पाचवी."

हे तिनं रचलेलं नव्हतं. हे त्यानं तिच्या पुढ्यात टाकलं होतं.

"पाचवी अनवाणी आहेत," ती म्हणाली. "एकेक ह्या खोलीएवढी."

आणि मागं हात नेऊन तिनं तांब्याच्या डेगीवर तळहात टेकवला, थोपटल्यासारखा. धम्म. कितीतरी वेळ तो आवाज डेगीच्या पोटात फिरत राहिला. मग पुन्हा. धम्म. त्या डेगी मी माझ्या लग्नापासनं बघतेय. त्यांच्यात एवढं मोठं कुणी चालत असेल हे मला ठाऊक नव्हतं.

खिंडीत धुकं होतं. धुक्यात दोन बाजूंना दोन कडे होते. आम्ही त्यांच्या मधनं चालत होतो, आणि त्रिशला आवाज खाली नेत नेत म्हणाली, धुकं वर उठतंय. ते कडे नाहीत. त्या अनवाणी राखणदाराचे गुडघे आहेत.

मी मान वर केली. भांड्यांच्या खोलीचं पत्र्याचं छत माझ्या डोक्यावर होतं, ते मला दिसलं नाही. मला तो दिसला. दगडाच्या बरगड्या, आणि त्यांच्या आत, फुंकर घातल्यावर चूल उजळते ना, तसं काहीतरी उजळत होतं, मावळत होतं. डोळ्यांना पापण्या नव्हत्या. हजार वर्षं तो तसाच बघत होता.

अभिनंदनची तलवार निम्मी बाहेर आली होती. पण त्यानं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"काय करतेस, आज्जी?" त्रिशलानं विचारलं, आणि वाट बघत राहिली.

तांदूळ किती घालू, पानं किती मांडू, हे मला रोज वीस माणसं विचारायची, आणि त्यांचं विचारून व्हायच्या आत माझं उत्तर तयार असायचं. तेव्हा मात्र मी त्या उजळणाऱ्या छातीकडं बघितलं आणि सुचलं ते विचारलं.

"ह्यानं शेवटचं खाल्लं कधी?"

त्रिशलाची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं गेली. पोळपाटाखाली वही होती. क्षणभर मला वाटलं, आता उठते. मग तिनं नजर मागं आणली, डेगीवर हात ठेवला, आणि तिच्या आवाजाच्या खूप खालनं एक आवाज आला.

"हे मला कुणी विचारलं नव्हतं."

कादंबरीनं माझा पदर धरला होता. तो तिनं कधी धरला तिलाही कळलं नसेल.

मग मी हुकूम सोडायला सुरुवात केली, ते मला येतं. सुफियानच्या झोळीत मूठभर ज्वारीच्या कण्या निघाल्या. अभिनंदनचं शिरस्त्राण घेतलं भांडं म्हणून. आधी नको म्हणाला, मग दिलं. कादंबरीनं झऱ्याचं पाणी आणलं. राहिला जाळ. आणि त्या आख्ख्या मुलखात जाळ एकाच ठिकाणी होता. भांडं त्याच्या छातीशी नेऊन धरायला पाहिजे होतं. दोर लावून कादंबरी आणि अभिनंदन वर गेले, बरगडीच्या कपारीत भांडं टेकवलं. ढवळायला कोण? मीच. दुसऱ्याच्या हातात ओगराळं द्यायचा प्रश्नच नव्हता. मी म्हटलं, चढते.

त्रिशला म्हणाली, उभा दगड आहे, फासा टाकावा लागेल. दहा किंवा वर पडलं तर पोचलीस.

फासा बोराएवढा, वीस तोंडांचा. मी तो परातीत टाकला. तो खणखणत काठाकाठानं फिरला, हळू झाला, आणि काठाला लागून थांबला. आकडे मला वाचता येतात. नऊ.

"हा काठाला टेकलाय," मी म्हटलं. "हा धरायचा नाही."

माझ्या घरात मी मीठ बरोबर आहे म्हटलं की ते बरोबर असतं. अभिनंदनही म्हणाला, आज्जींना द्या की, एकाचा तर फरक आहे. सुफियाननं मान डोलावली. कादंबरी चटईकडं बघायला लागली. मी फासा उचलायला हात पुढं केला.

त्रिशलानं परातीवर हात आडवा धरला.

नांदणीच्या त्या म्हाताऱ्यानं धरला होता तसाच. तळहात खाली, बोटं मिटलेली. तो तिनं काढला नाही.

"नऊ आहे, आज्जी. तुझा पाय सुटला."

तिनं डोळे माझ्यावरनं हलवले नाहीत.

"एका हातानं तू बरगडीला धरलंयस. दुसऱ्या हातात ओगराळं आहे. खाली दरी आहे, तळ दिसत नाही. वर कण्या करपायला लागल्यात, वास येतोय. एका हातावर फार वेळ लोंबकळता यायचं नाही. काय करतेस?"

चौघं माझ्याकडं बघत होती आणि कुणी काही सुचवत नव्हतं. त्रिशलाही नाही. ती नुसती थांबली होती. समोर भिंतीवर ओगराळी टांगलेली होती, पहिल्या खिळ्यावरचं माझं, दांडा बोटांच्या जागी झिजलेला. त्याच्याकडं मी किती वेळ बघत होते सांगता येणार नाही. करपलेला वास मला खरोखर येत होता.

"माझ्यावर कोण आहे?" मी विचारलं.

"कादंबरी. हात लांब केला तर पोचेल, न पोचेल."

"फेकते," मी म्हटलं. "ओगराळं. तिच्याकडं."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. कादंबरीनं फासा टाकला. सतरा. तिनं ते हवेतल्या हवेत धरलं, आणि मला कळलं की माझा दुसरा हात आता रिकामा आहे. मी दोन्ही हातांनी बरगडी धरली. अभिनंदननं दोर सोडला आणि मला वर ओढून घेतलं, "धरलं, आज्जी, धरलं तुम्हाला," असं म्हणत, चटईवर बसल्या बसल्या दोन्ही मुठी आवळून.

कादंबरीनं कण्या ढवळल्या, खाली लागू दिल्या नाहीत. मग तिनं ओगराळं भरलं, वर उचललं, आणि वाढायच्या आधी थांबली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती त्या डोंगराएवढ्या तोंडाकडं बघत म्हणाली,

"किती वाढू?"

त्रिशलाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही आणि गोष्टही थांबवली नाही. तो जेवला, ती म्हणाली. एकेक कणी जेवला. आणि जेवून झाल्यावर त्यानं डोळे मिटले. त्याला पापण्या नाहीत असं सगळ्यांना वाटत होतं. होत्या. हजार वर्षांत मिटल्या नव्हत्या, एवढंच. मग त्यानं बरगड्यांत हात घातला, मूठ बाहेर काढून उघडली, आणि तळव्यावर निखारा होता.

तिनं डेगीवरचा हात काढून घेतला, आणि तिचा रिकामा तळवा आमच्या मधे धरला. सुफियान पुढं सरकला. त्यानं दोन्ही हातांची ओंजळ केली, तिच्या तळव्यावरनं काहीतरी अलगद घेतलं, आणि वाऱ्याकडं पाठ करून बसला. खोलीत वारा नव्हता.

"मी नेतो खाली," तो म्हणाला. "विझू देत नाही."

कितीतरी वेळ आम्ही पाचही जण त्याच्या ओंजळीकडं बघत होतो. तिच्यात काही नव्हतं, आणि कुणाला नजर काढता येत नव्हती.

पाचला मंडळी उठली. दारात चपला घालताना अभिनंदननं विचारलं, पुढच्या रविवारी दोनलाच ना? चौथ्यालाही घेऊन येतो म्हणाला. स्वतःच्या मुलखाचं नाव त्यानं काढलं नाही. त्रिशला म्हणाली, दोनला या. "बरं" नाही म्हणाली.

मग आम्ही दोघीच राहिलो. ती परात धूत होती, माझ्याकडं पाठ करून. माझा तो कागद चटईवर पडला होता. मी तो उचलून घडी करून कमरेला लावला. अजून माझ्या ट्रंकेत आहे. भीतीची ओळ तेवढी रिकामी आहे.

"रागावलीस, आज्जी?" तिनं विचारलं. "सगळ्यांसमोर नाही म्हटलं मी तुला. दहा म्हणून सोडून दिलं असतं, तर कुणी काही बोललं नसतं."

"दहा म्हटलं असतंस," मी म्हटलं, "तर तुला जन्मभर आमटीच्या बादलीवर ठेवलं असतं. उद्या शिरोळला आठशे पानं आहेत. पहिलं वाढप झालं, की रिकाम्या हाताची फेरी तू घ्यायचीस. तुला वाढायला येतंय. मी भाताजवळ बसून राहीन, आणि मधे बोलले, तर आज धरलास तसा हात आडवा धर."